एका मताचा धनी

पार्लमेंटमधलं पहिलं भाषण साहित्य म्हणून वाचायची आपल्याकडे रीत नाही, आणि बहुतेक भाषणांच्या बाबतीत त्यात काही बिघडतही नाही. नवा सभासद उठतो, मतदारांचे आभार मानतो, अध्यक्षांकडे सांभाळून घेण्याची विनंती करतो, आपल्या भागातल्या पाण्याचा नाहीतर रेल्वेच्या थांब्याचा विषय काढतो आणि बसतो. दादाभाई नौरोजींनी ९ ऑगस्ट १८९२ रोजी लंडनच्या कॉमन्स सभागृहात केलेलं भाषण वरवर पाहता याच वळणाचं आहे. छापलं तर दोन पानं. पहिल्या वाचनात तर ते चक्क निराश करतं. इंग्रजांचा न्याय, इंग्रजांची उदारता, इंग्रजांची थोर भाषा! शाळेत ज्यांच्या नावाने 'आर्थिक निःसारणाचा सिद्धांत' पाठ केला, ते दादाभाई हेच का, असा प्रश्न पडतो. हे सगळं कौतुक कोणाच्या नावावर आणि कशासाठी जमा केलं जातंय, याकडे लक्ष दिलं की मात्र भाषणाचा रंग बदलतो. दादाभाई गणिताचे प्राध्यापक होते आणि कापसाचे व्यापारीही. जमेच्या बाजूला काय मांडलं म्हणजे नावेच्या बाजूला काय मागता येतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आधी माणूस पाहू. १८२५ सालचा जन्म. म्हणजे भाषणाच्या दिवशी वयाची सदुसष्टी पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. ज्या वयात लोक सभागृहातून निवृत्त होतात त्या वयात हे नवखे सभासद. एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथेच गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागले, आणि त्या संस्थेत प्राध्यापकपदावर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले. १८५५ साली कामा कंपनीच्या पेढीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. ती पेढी अफू आणि दारूच्या व्यापारात होती म्हणून तिच्यातून बाहेर पडले आणि स्वतःची पेढी काढली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती शिकवली, १८६६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन उभी केली, १८७४ मध्ये बडोद्याची दिवाणगिरी पत्करली आणि ती फार काळ टिकली नाही. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी हिशेब मांडला की हिंदी माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला वीस रुपये पडतं, आणि सरकारी तुरुंगातल्या कैद्याच्या पोटासाठी होणारा खर्च त्याहून जास्त आहे. सरकारचे स्वतःचेच अहवाल वापरून सरकारला गप्प करायची ही त्यांची खास पद्धत.

अशा माणसाला सभागृहात पहिल्यांदा बोलायची संधी मिळते तेव्हा तो काय करील? आकडे काढील, असं कुणालाही वाटेल. दादाभाई एकही रुपया मोजत नाहीत. दारिद्र्य हा शब्द नाही, दुष्काळ नाही, इंग्लंडकडे वाहत जाणाऱ्या संपत्तीचा उल्लेख नाही. वर्षानुवर्षं जो मुद्दा घोकला तो सभागृहाच्या दाराबाहेर ठेवून ते आत आले होते. मला वाटतं, या भाषणाचं पहिलं सौंदर्य या गाळण्यात आहे.

दुसरी गाळलेली गोष्ट याहून मोठी. १८८६ मध्ये दादाभाई हॉलबर्नमधून उभे राहून पडले होते. १८८८ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी त्या पराभवाचा विषय काढला आणि इंग्रज मतदारसंघ एखाद्या 'काळ्या माणसा'ला निवडून देईल असं आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचं विधान केलं. त्या एका शेऱ्याने दादाभाईंचं जेवढं काम केलं तेवढं त्यांच्या दहा व्याख्यानांनी केलं नसतं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, नॅशनल लिबरल क्लबने त्यांना सन्मानाचं जेवण दिलं, आणि होतकरू उमेदवारांच्या गर्दीत हरवलेलं एक अवघड पारशी नाव घरोघरी पोचलं. पुढे जुलै १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीत ते निवडून आले. हा क्लर्कनवेलचा, घड्याळजींचा, जडजवाहीर घडवणाऱ्यांचा, कारागिरांचा भाग. समोर हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन. त्या भागातल्या पेंटनव्हिलला ज्यांच्या घराण्याचं नाव आहे ते हे. दोघांनाही तीन हजारांच्या आसपास मतं, आणि दोघांमधलं अंतर पाच मतांहून अधिक नाही. थट्टेखोरांनी नौरोजी या आडनावाचं लगेच 'नॅरो मेजॉरिटी' करून टाकलं.

आता ९ ऑगस्टचा दिवस पाहा. त्या दिवशीही पंतप्रधान सॉल्सबरीच होते! निवडणुकीत त्यांचं बहुमत गेलं होतं, पण रिवाजाप्रमाणे ते सभागृहाला सामोरे गेले होते. राणीच्या भाषणावरच्या उत्तराच्या ठरावाला लिबरल पक्षाचे अ‍ॅस्क्विथ यांनी अविश्वासाची दुरुस्ती सुचवली होती आणि तिच्यावर चर्चा चालू होती. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, ते सरकार चाळीस मतांनी पडलं. म्हणजे ज्या माणसाने 'काळा' म्हणून हिणवलं त्याच्या सरकारच्या अंत्यविधीला दादाभाई हजर होते आणि बोलायला उभे होते. दुसऱ्या कुणी एवढी आयती संधी सोडली असती का? आपल्याकडच्या आजच्या कुठल्याही सभागृहात तिथे टेबलं वाजली असती. दादाभाई सॉल्सबरीचं नाव घेत नाहीत, शेऱ्याची आठवण देत नाहीत, एडिंबरोकडे बोटही दाखवत नाहीत. आपण इथे उभे आहोत हेच उत्तर पुरेसं आहे, हे त्यांना कळत होतं आणि सभागृहालाही कळत होतं. न बोललेली गोष्ट भाषणभर ऐकू येते, ती अशी.

सुरुवात ते माफीने करतात. आत येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर बोलायला उभं राहणं उतावळेपणाचं, अविचाराचं दिसेल, पण माझा नाइलाज आहे, असं म्हणतात. नाइलाज कसला? तर एका इंग्रज मतदारसंघातून हिंदी माणूस निवडून येणं ही शतकाहून अधिक काळाच्या राज्यात प्रथमच घडलेली गोष्ट आहे. इथे काटेकोर वाचकाला डाइस सॉम्ब्रचं नाव आठवेल. सरधन्याच्या बेगम समरूचा हा दत्तक वारस, मिश्र रक्ताचा, १८४१ मध्ये सडबरीतून निवडून आला होता. पण लाचलुचपतीपायी ती निवडणूक पुढच्याच वर्षी रद्द झाली. शिवाय हिंदुस्थानच्या नावाने बोलायला तो कधी उभा राहिला नव्हता. दादाभाईंचा दावा त्यामुळे फारसा डळमळत नाही.

मग येतो मला सगळ्यांत आवडणारा तुकडा. या अद्भुत घटनेचं थोडंसं पृथक्करण करावंसं वाटतं, असं दादाभाई म्हणतात. हा सूर वक्त्याचा नाही, प्रयोगशाळेतल्या मास्तरांचा आहे. स्वतःच्या विजयाकडे ते स्वतःचा विजय म्हणून बघतच नाहीत. टेबलावर ठेवलेला एक नमुना आहे, त्याची कारणं काय, ते तपासू या, असा भाव. 'मी' मोठा होण्याची धास्ती जिथे सगळ्यांत जास्त, तिथेच त्यांनी 'मी'ला निरीक्षणाचा विषय करून बाजूला सारलं. एल्फिन्स्टनचा वर्ग सोडून जवळजवळ चार दशकं झाली होती, पण हातातला खडू सुटला नव्हता.

पृथक्करणातून निघालेला निष्कर्ष मात्र आजच्या वाचकाला टोचतो. हिंदुस्थान म्हणजे शतकानुशतकं क्षीण होत चाललेली भूमी, आणि इंग्रजी शिक्षणाने, संस्थांनी तिच्यात नवा प्राण ओतला, असं ते म्हणतात. हे वाक्य मला अजूनही गिळवत नाही, आणि त्यावर काळाच्या मुलाहिज्याची चादर घालायची माझी तयारी नाही. ज्यांनी स्वतः या राज्याखाली देशाचं रक्त कसं वाहून जातं ते दाखवलं, त्यांनीच हे म्हणावं? त्यांच्या मनात दोन इंग्लंडं होती हे खरं: एक हिंदुस्थान चालवणारं, आणि एक आपल्या कायद्यांत, परंपरांत, तत्त्वांत असलेलं. पहिल्याला दुसऱ्यापुढे आरोपी म्हणून उभं करायचं, ही त्यांची आयुष्यभराची युक्ती. १९०१ मध्ये छापलेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच हिंदुस्थानातल्या कारभाराला त्यांनी 'अन-ब्रिटिश' ठरवलं. युक्ती कळली तरी वाक्याची टोच राहतेच. राहू दे.

लगेच पुढच्या वाक्यात मात्र ते अशी कलाटणी देतात की दाद द्यावी लागते. नवं पार्लमेंट बसलं की कॉमन्सचे अध्यक्ष राजसत्तेकडे सभागृहाचे जुने हक्क मागतात. त्यात भाषणस्वातंत्र्यही येतं. हा विधी नुकताच पार पडला होता. बहुतेक सभासदांना तो कंटाळवाण्या समारंभातला एक भाग वाटला असेल. दादाभाई थेट अध्यक्षांना उद्देशून म्हणतात, परवाच आपण ज्या हक्कासाठी राजसिंहासनापुढे उभे राहिलात, ज्यासाठी या देशाने रक्त सांडलं, तो बोलण्याचा हक्क आपण आम्हालाही दिला आहे. वाक्य आभाराचं आहे. पण ज्याला हक्क दिला असं सभागृहासमक्ष, अध्यक्षांच्या साक्षीने म्हटलं, त्याच्याकडून तो परत कसा काढून घेणार? शिवाय ज्या हक्काची आठवण दिली तो कसा मिळाला होता, तर राजाशी लढून. पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवणाऱ्या सभागृहाला हे वेगळं सांगायला नको. नम्रपणाच्या शालीआड एवढं सगळं येऊन जातं आणि सरकारी बाकांवरच्या कुणाला हरकत घ्यायला जागाच उरत नाही.

ते ज्याला 'दिलेलं' म्हणत होते ते प्रत्यक्षात किती दिलं होतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा व्हाइसरॉय रिपनने रद्द करून जेमतेम दहा वर्षं झाली होती. निर्भयपणे बोलता येतं, हे लंडनमध्ये म्हणणं सोपं. याच भाषणानंतर पाच वर्षांनी पुण्यात 'केसरी'तल्या लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली आणि नातू बंधूंना तर खटला न चालवताच डांबलं. आणखी एक विसंगती तेव्हाच, त्याच उन्हाळ्यात घडलेली: हिंदुस्थानच्या कायदेमंडळांसाठी १८९२ चा नवा कायदा नुकताच मंजूर झाला होता आणि त्यात 'निवडणूक' हा शब्द उघडपणे घालायचंही टाळलं होतं. क्लर्कनवेलचा घड्याळजी दादाभाईंना मत देऊ शकत होता. गिरगावातला शिक्षक कायदेमंडळासाठी कुणालाच देऊ शकत नव्हता.

या सगळ्याचं श्रेय तुमचंच आहे, असं ते सभागृहाला सांगतात. हिंदुस्थानभर जो आनंद उसळला आहे तोही तुमचाच. आणि त्या श्रेयाच्या पाठोपाठ ते आपली खरी ताकद किती ते सांगून टाकतात: एकटा माणूस, हातात एकच मत. अख्ख्या भाषणात यापेक्षा साधं आणि यापेक्षा चतुर काही नाही. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे अठ्ठावीस कोटींहून अधिक लोकांचा देश, आणि त्याच्या नावाने एक मत. तेही त्या देशाने दिलेलं नाही. हे दुबळेपण ते लपवत नाहीत. उलट म्हणतात, कारण सबळ असेल तर सभागृहाच्या दोन्ही बाजूंचे सभासद मला साथ देतील असा माझा विश्वास आहे. विश्वास व्यक्त केला की समोरच्यावर ओझं पडतं. दोन्ही बाजूंचे, हे शब्दही मुद्दाम निवडलेले. ते स्वतः लिबरल, आयरिश होमरूलचे उघड पुरस्कर्ते. आणि त्या दिवशी सभागृहात सगळी मारामारी आयर्लंडवरून चाललेली. दादाभाई आयर्लंडचं नाव काढत नाहीत. हिंदुस्थानचा प्रश्न कुठल्या एका पक्षाच्या खिशात जाऊ नये, एवढं ते पहिल्याच दिवशी सांभाळतात.

चर्चेच्या मूळ विषयावर आपण बोलणार नाही, ते प्रश्न पुढे येतील तेव्हा सेंट्रल फिन्सबरीचा प्रतिनिधी म्हणून माझे विचार मांडीन, असं ते मध्येच नोंदवतात. हे वाक्य घाईत वाचलं तर निसटतं. काही क्षणांपूर्वी हिंदुस्थानच्या नावाने उभा आहे असं म्हणणारा माणूस इथे क्लर्कनवेलच्या मतदारांचं देणं मान्य करतो. दोन मालकांची चाकरी त्यांनी पुढे बरीच नेटाने केली; कामगारांचे तास, स्त्रियांचा मताधिकार या बाबतीत ते पक्षातल्या जहालांबरोबर होते. पण या भाषणापुरती फिन्सबरीच्या वाट्याला कृतज्ञताच जास्त येते. त्या मतदारसंघाचं नाव हिंदुस्थान कधी विसरणार नाही, असं वचन त्यांनी दिलं. ते आपण पाळलं असं काही म्हणता येणार नाही. मुंबईत दादाभाईंच्या नावाच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या शंभर जणांना विचारून पाहा.

आता भाषणातला आकडा. हिंदी माणसाच्या या निवडीने इंग्रजांची सत्ता जितकी बळकट झाली तितकी एक लाख युरोपियन सैनिक पाठवूनही झाली नसती, दसपटीने कमीच पडली असती, असं दादाभाई म्हणतात. ऐकायला ही अलंकारिक अतिशयोक्ती वाटते. पण हे गृहस्थ आकडा उगाच वापरणारे नव्हेत. त्या काळात हिंदुस्थानात एकूण गोरं सैन्य सत्तर हजारांच्या आसपास होतं. म्हणजे आहे त्या सगळ्या गोऱ्या फौजेहून मोठा आकडा त्यांनी घेतला आणि तो फिन्सबरीतल्या मतपेटीसमोर हलका ठरवला. या फौजेचा पगार कोण देतं? हिंदी रयत. सैन्यावरचा खर्च हाच तर त्यांच्या तक्रारींतला मोठा परिच्छेद होता. पैशांचा उल्लेख न करता त्यांनी सभागृहाला सांगितलं की तुमची सर्वांत महाग वस्तू तुमच्या सर्वांत स्वस्त वस्तूपेक्षा कमी कामाची आहे. ऐकणाऱ्या किती जणांच्या ते ध्यानात आलं असेल कोण जाणे. टाळ्या बहुधा 'राजनिष्ठा' या शब्दाला पडल्या असतील.

याच्या लगेच पुढे भाषणाचा कणा आहे. लिबरल पुढारी ग्लॅडस्टन यांनी चर्चेत ज्या नैतिक बळाचा उल्लेख केला होता तो धरून दादाभाई म्हणतात, हेच बळ म्हणजे हिंदुस्थानाला ब्रिटिश सत्तेशी जोडणारी सोन्याची कडी. आणि हिंदुस्थानची तुमच्या न्यायाबद्दल, तुमच्या इभ्रतीबद्दल जोवर खात्री आहे, तोवरच तुमचं साम्राज्य टिकेल. 'जोवर–तोवर'ची ही घडण बघा. उघड धमकी नाही, सूर अजूनही आशीर्वादाचा आहे. पण एवढा वेळ जमेला मांडलेली न्याय, उदारता, स्वातंत्र्य ही सगळी रक्कम इथे एका झटक्यात अटीवर गेली. साम्राज्याला मुदत घालून देणारं वाक्य त्याच साम्राज्याच्या पार्लमेंटमध्ये, आभारप्रदर्शनाच्या सुरात म्हटलं गेलं आणि सभागृहाने ते शांतपणे ऐकून घेतलं. चौदा वर्षांनी कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून 'स्वराज्य' शब्द उच्चारणारे दादाभाई अचानक कुठून उगवले असं काही लोकांना वाटलं. ते इथेच, या जोडशब्दात बसलेले होते.

शेवटाकडे ते पुन्हा एक आकडा टाकतात: हिंदुस्थान म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचा पाच षष्ठांश भाग. लोकसंख्येच्या हिशेबाने हे बरोबर होतं. दुवा उभयतांच्या हिताने टिको, अशी सदिच्छा देताना कंसात टाकल्यासारखं हे प्रमाण येतं. एकटा, एक मत असं म्हणणारा माणूस जाता जाता सांगतो की या राज्याच्या सहा माणसांतली पाच माझी. आणि अखेरीला, कारभाराचे काही प्रश्न मी यथावकाश मांडणार आहे, ते रास्त असतील तर आमचं समाधान होईल अशी दुरुस्ती तुम्ही कराल, असं म्हणून ते बसतात. सुरुवातीपासून सगळं 'तुमचं' होतं: श्रेय तुमचं, भाषा तुमची, उदारता तुमची. शेवटी समाधान मात्र 'आमचं'. दुरुस्ती पुरेशी झाली की नाही हे कोण ठरवणार, त्याचा निकाल त्यांनी त्या एका सर्वनामात लावून ठेवला.

ते प्रश्न त्यांनी खरोखर मांडले. पहिला मोठा प्रश्न सनदी नोकरीच्या परीक्षेचा. ती फक्त लंडनमध्ये व्हायची. समुद्र ओलांडून, घरचं कर्ज काढून येईल त्यानेच ती द्यायची. इंग्लंड आणि हिंदुस्थान दोन्हीकडे ती एकाच वेळी घ्यावी, असा ठराव हर्बर्ट पॉल या लिबरल सभासदाने २ जून १८९३ रोजी आणला. दादाभाईंनी त्याला पाठिंबा दिला. सरकार विरोधात असताना तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. कारण सबळ असेल तर साथ मिळेल, हे भाकीत दहाच महिन्यांत खरं ठरलं! सभागृहाने शब्द पाळला. मंत्रिमंडळाने ठराव हिंदुस्थान सरकारकडे अभिप्रायाला धाडला, तिथून प्रतिकूल शेरा आला आणि कागद फडताळात गेला. एक मत हाती असलेला माणूस सभागृह जिंकू शकतो, कचेरी जिंकू शकत नाही. याची तरतूद त्या सुंदर भाषणात नव्हती.

१८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी आयोगावर मात्र ते सभासद होते, आणि १८९७ मध्ये तिशी नुकतीच ओलांडलेले गोखले त्या आयोगापुढे साक्ष द्यायला पुण्याहून गेले तेव्हा सैन्याचे, पगारांचे, पेन्शनांचे आकडे अखेर टेबलावर आले. सनदी परीक्षा हिंदुस्थानात सुरू झाली ती १९२२ साली, अलाहाबादला. दादाभाईंना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.